बँडच्या विसर्जनानंतर गाजलेला अल्बम: द झोम्बीज यांचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’

इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथील ‘द झोम्बीज’ या बँडने १९६७ साली, मुख्यतः लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला हा अल्बम एप्रिल १९६८ मध्ये बाजारात आला, तेव्हा बँड विसर्जित झालेला होता. त्यातील ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तरी त्या वेळी बँडचे सदस्य पुन्हा एकत्र आले नाहीत.

कॉलिन ब्लनस्टोन यांचा हळवा, श्वासात मिसळलेला आवाज आणि रॉड अर्जंट यांनी मेलोट्रॉनवर (ध्वनिफितींवरील सूर वाजवणाऱ्या कीबोर्डवर) उभे केलेले तंतुवाद्यांचे आभास यांमुळे सायकेडेलिक रंग असूनही चाल कुठेच हरवत नाही, हे मला या अल्बमचे सर्वांत मोठे यश वाटते. पहिल्या महायुद्धातील सैनिकाची व्यथा सांगणारे गीत मात्र ते लिहिणारे बासवादक ख्रिस व्हाइट स्वतः गातात. त्यामागचे सूर आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीची आठवण करून देतात, आणि त्या थरथरत्या गळ्यातली भीती अंगावर येते. ‘चेंजेस’ या गाण्यातील सामूहिक गायन मला तुलनेने विस्कळीत वाटले.

२००८ मध्ये हयात असलेल्या चारही मूळ सदस्यांनी लंडनमध्ये हा अल्बम रंगमंचावर संपूर्ण सादर केला. हेडफोन लावून, सलग ऐकावा.