लेन्सबेबी वेल्वेट ५६: जुन्या पोर्ट्रेटमधला मऊपणा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार ॲल्विन लँग्डन कोबर्न बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथच्या लेन्स वापरत असे. त्या लेन्सने काढलेल्या चित्रांतला मऊपणा म्हणजे हुकलेला फोकस नव्हे. लेन्सच्या कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एका जागी मिळत नाहीत. त्यामुळे रेखीव प्रतिमेवर दुसरी, पसरट उजेडाची प्रतिमा बसते. पापणीचा केस न् केस दिसतो आणि गालावर मात्र साय धरल्यासारखी वाटते. लेन्सबेबी कंपनीची वेल्वेट ५६ ही लेन्स हेच करते, आणि म्हणूनच ती सॉफ्ट फिल्टरपेक्षा सरस आहे: मऊपणा किती हवा ते ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग ठरवते.

एफ/१.६ ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडे असताना, चेहरा धुक्यात जातो; एफचा आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. पोर्ट्रेटसाठी एफ/२ ते एफ/२.८ हाच खरा पट्टा, इथे डोळे टिकतात आणि त्वचा उजळते. एफ/५.६ च्या पुढे ती जवळजवळ साध्या लेन्ससारखी वागते. मग ती घेण्यात अर्थ नाही.

सगळे हाताने करायचे आहे. कॅमेऱ्याशी विद्युत जोडणी नसल्याने अनेक मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘लेन्सविना शटर’ चालू करावे लागते. फोकस नेहमी ज्या ॲपर्चरला फोटो घ्यायचा त्याच ॲपर्चरला करा. उघड्या ॲपर्चरला फोकस करून नंतर ते बंद केले, तर फोकसची जागा सरकते आणि डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. फोकस पीकिंगवर, म्हणजे रेखीव कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, उजेडाच्या वलयात ते फसते. दृश्य मोठे करून बुबुळातला प्रकाशबिंदू पाहा: रिंग फिरवताना वलयाच्या आत तो सर्वांत लहान आणि टणक दिसेल, तिथे थांबा.

प्रकाश सपाट असेल तर चित्र नुसते मळकट येते. वलय उजळ भागातूनच फुटते, म्हणून एका बाजूच्या खिडकीचा उजेड, गडद पार्श्वभूमी, पांढरी कॉलर किंवा ओढणी हवी. एक्सपोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). उजळ भाग एकदा जळून पांढराफटक झाला की वलयाच्या छटा परत मिळत नाहीत.

फुल-फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, नुसता चेहरा भरायला फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे दिसते. तिथे याच मालिकेतली, लांबून चेहरा भरणारी वेल्वेट ८५ योग्य. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर मात्र ५६ नेमकी बसते. एडिटिंगमध्ये क्लॅरिटी (कडा ठळक करणारी पट्टी) शून्यावरच राहू द्या, काळेपणा फक्त कर्व्हने (उजेड-अंधाराचा आलेख) खोल करा.