शोतोकान की गोजू-र्यू: गचांडी धरल्यावर कामाला काय येतं?

"आमच्या भागात कराटेचे दोन क्लास आहेत. एकाच्या बोर्डावर शोतोकान लिहिलंय, दुसऱ्याच्या गोजू-र्यू. पोरीला कुठे घालू? आणि बायकोही म्हणतेय मला पण शिकायचंय, पण मेडल-बिडल नको, अंगावर कोणी आलं तर सुटता आलं पाहिजे."

मित्राचा हा मेसेज आला तेव्हा दोन ओळींत उत्तर टाकून मोकळं व्हावं म्हणून बसलो, आणि जमलं नाही. मी नऊ वर्षं शोतोकान केलं, ब्लॅक बेल्टपर्यंत. मग गाव बदललं, आणि निव्वळ घराजवळ होता म्हणून गोजू-र्यूच्या क्लासला जायला लागलो. त्यालाही आता सहा वर्षं झाली. दोन्हींचं माझ्यावर ऋण आहे, पण पुढचं सगळं तटस्थ असेल असं समजू नका.

गोजूच्या पहिल्याच दिवशी सरांनी मनगट पुढे केलं. "धर." मी धरलं, आमच्याकडे सरावात धरायचो तसंच, हलक्या हातानं. ते हसले. "असं कोण धरतं? ओढ मला." मी ओढलं. त्यांनी हात सोडवायला मागे हिसका दिलाच नाही. उलट मी ओढतोय त्याच दिशेनं, कोपर पुढे करून आत आले. माझा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीतून त्यांचं मनगट फिरलं. मी सावरेपर्यंत माझाच हात त्यांच्या पंज्यात होता आणि त्यांचा दुसरा तळवा माझ्या हनुवटीखाली टेकलेला. नऊ वर्षांत मी हजारो ब्लॉक मारले होते. जवळजवळ सगळे समोरून, दीड-दोन मीटरवरून येणाऱ्या ठोशासाठी.

दोन्ही शैलींतला फरक मला तिथे कळला. लाथा किती उंच जातात, बेल्ट किती महिन्यांनी मिळतो, हे सगळं नंतरचं. मुख्य प्रश्न अंतराचा आहे. आणि हे अंतर कुठे बदललं ते समजायला थोडं चीनपर्यंत जावं लागतं.

'चिनी हात' ते 'रिकामा हात'

कराटे जपानचं म्हणतात, पण ते ओकिनावाचं आहे. ओकिनावा म्हणजे पूर्वीचं र्युक्यू राज्य, जे जपाननं १८७९ साली पूर्णपणे आपल्यात घेतलं. त्याआधी काही शतकं या बेटांचा व्यापार आणि दरबारी संबंध चीनशी होता, विशेषतः फूच्यान प्रांतातल्या फूचौ शहराशी. नाहा बंदराजवळच्या कुमे वस्तीत चौदाव्या शतकाच्या शेवटापासून चिनी कुटुंबं राहत होती. स्थानिक मारामारीच्या विद्येला नुसतं 'ते', म्हणजे हात म्हणायचे. चीनकडून आलेल्या विद्येला 'तोदे', म्हणजे चिनी हात. हीच चिनी अक्षरं 'कराते' अशीही वाचता येतात. तोच उच्चार ठेवून 'चिनी'च्या जागी 'रिकामा' हे अक्षर घालायचं, यावर २५ ऑक्टोबर १९३६ ला नाहामध्ये जाणत्या गुरूंची बैठक झाली. तेव्हाच्या जपानात चीनचं नाव मिरवायचे दिवस नव्हते.

शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांनी अनेक कातांचीही (काता म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका) नावं बदलून जपानी केली. गोजूनं ती तशीच ठेवली. सेइसान म्हणजे तेरा, सानसेरू म्हणजे छत्तीस आणि शेवटची, सगळ्यात लांब काता सुपारिन्पेइ म्हणजे एकशे आठ. हे सगळे चिनी आकडे, ओकिनावाच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. १०८ ऐकून आपल्याला जपमाळच आठवते, आणि ते चूकही नाही. हा आकडा बौद्ध परंपरेत तिकडेही तितकाच मानाचा आहे.

एक कुरकुर इथेच करून घेतो. आपल्याकडच्या क्लासांत बोधिधर्माची तसबीर असते आणि "कराटे मूळचं भारताचंच" हे पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. भारतीय भिक्षू चीनमधल्या शाओलिन मठात गेला आणि त्यानं लढाई शिकवली, या कथेला त्याच्या काळातला पुरावा नाही. ज्या व्यायामग्रंथावर ती उभी आहे, तो त्याच्या हयातीनंतर हजारेक वर्षांनी, सतराव्या शतकात पुढे आला. इतोसु आन्को या ओकिनावाच्या गुरूंनी १९०८ च्या पत्रात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की ही विद्या बौद्ध धर्मातून किंवा कन्फ्युशियसच्या विचारातून आलेली नाही, ती चीनमधून आली. क्लास निवडताना तसबिरीला मार्क देऊ नका.

शोतोकान: लांबून येणाऱ्यासाठी

हेच इतोसु कराटेला शाळेत घेऊन गेले. वर्गात चाळीस पोरं ओळीत उभी करायची तर डोळ्यात बोटं घालणं आणि गळा धरणं शिकवता येत नाही. मग मुठी बंद झाल्या, हालचाली सोप्या झाल्या, कवायत आली. त्यांचे शिष्य फुनाकोशी १९२२ साली टोकियोला गेले आणि तिथल्या विद्यापीठांतून ही विद्या पसरली. त्यांचा मुलगा योशिताका यानं पवित्रे आणखी लांब आणि खोल केले. पुढे स्पर्धा आल्या. आजच्या ऑलिंपिक धर्तीच्या कुमितेमध्ये, म्हणजे दोघांच्या लढतीत, ठोशाला एक गुण, पोटावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. धरून झोंबत बसलात तर पंच सोडवतो. अशा नियमांत पोरं लांबून झेप घेऊन मारायला शिकणारच.

हे वाईट नाही, उलट फार कामाचं आहे. शोतोकाननं मला पाय दिले. समोरचा अजून दोन पावलं लांब आहे, हातवारे करतोय, तेवढ्यात त्याच्या छातीवर मागच्या हाताचा ठोसा, ग्याकु-झुकी, बसवून मागे फिरून पळायचं, ही गोष्ट शोतोकानचा चांगला विद्यार्थी गोजूवाल्यापेक्षा स्वच्छ करतो. आजही वीस वर्षांचा शोतोकानवाला मला लांबून सहज टिपतो. गोजूचा मनगटं चिकटवून करायचा सराव, माझं काकिएबिकिए, तिथे पोचतच नाही.

आणि चिनी मुळं शोतोकानमधून गेलेली नाहीत, फक्त झाकली गेलीत. पहिलीच काता घ्या, हेइआन शोदान, जी पांढऱ्या बेल्टचं पोर महिनाभरात करतं. चौथ्या हालचालीत पुढचा हात मागे ओढून, वरून फिरवून मूठ हातोड्यासारखी खाली आपटायची. अख्ख्या कातेत असा फटका एकदाच आहे. का? तर तिथे कोणीतरी मनगट धरलेलं आहे. तसंच दर ठोशाला कमरेशी ओढला जाणारा दुसरा हात, हिकिते. "त्यानं ताकद येते" असं मला सांगितलं होतं. तो हात खरं तर समोरच्याची बाही किंवा मनगट धरून ओढतोय, असा अर्थ लावला की सगळी काता वेगळी दिसायला लागते. कातेतून असा अर्थ काढून जोडीदारावर करून बघणं याला बुंकाइ म्हणतात. जो शोतोकानचा क्लास बुंकाइ मनापासून घेतो, त्याला मी माझ्या आवडत्या गोजूच्या क्लासइतकेच मार्क देईन. अडचण एवढीच की परीक्षा आणि स्पर्धा यांच्या मध्ये त्याला वेळ उरत नाही.

गोजू-र्यू: हात लागल्यानंतरसाठी

हिगाओन्ना कान्रियो हे नाहाचे. ते एकोणिसाव्या शतकात फूचौला जाऊन शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी शैलीला नाव दिलं. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मृदू. हे शब्द घेतले 'बुबिशी'मधल्या एका ओळीतून. बुबिशी हा ओकिनावात हातानं नकलून फिरवला गेलेला चिनी मजकूर. त्यात फूच्यानच्या पांढऱ्या क्रौंच शैलीची माहिती आहे, मर्मस्थानं आहेत आणि स्वसंरक्षणाची ४८ चित्रं आहेत. प्रत्येक चित्रात दोन माणसं, एक जिंकणारा आणि एक हरणारा, आणि बहुतेक ठिकाणी ती एकमेकांना भिडलेली, धरलेली, उलथवत असलेली.

तालमीत गेलेल्या माणसाला गोजू लगेच कळतं. कुस्ती सुरू होताना पैलवान मनगटं, मान चाचपत खडाखडी करतात ना, काकिए हा सराव साधारण तसाच. दोघांची मनगटं एकमेकांना चिकटलेली, एक ढकलतो, दुसरा झेलत मागे घेतो आणि परत ढकलतो. डोळे मिटूनही करतात. पाचेक मिनिटांत हात भरून येतात आणि घामानं घसरायला लागतात. खरी मजा तिथे सुरू होते, कारण आता समोरच्याचा जोर कुठे वळतोय ते कातडीला कळतं. दांड्याच्या टोकाला दगड बसवलेली चिइशी तर आपल्या गदेची धाकटी बहीणच. मनगट आणि पंजा तीच घडवते.

गोजूतला सर्वांत ओळखीचा हात म्हणजे मावाशी-उके. दोन्ही हात गोल फिरतात आणि शेवटी दोन्ही तळवे पुढे जातात, एक वर, एक खाली. कॉलर धरली तर पहिल्या गोलात समोरच्याचं कोपर दुमडतं, दुसऱ्या हातानं मनगट अडकतं, आणि तळवे जातात ते हनुवटी आणि पोटावर. सेइयुन्चिन या कातेत तर एकही लाथ नाही. सगळं धरणं, खेचणं आणि तोल घालवणं.

दोष? आहेत. सानचिन या पायाभूत कातेत अंग आवळून, आवाज करत श्वास सोडत पुढे-मागे तीन-तीन पावलं चालायचं, महिनोन्महिने. आठ वर्षांचं पोर याला कंटाळतं. आणि ज्यांना ब्लड प्रेशर आहे त्यांनी तो दाबून श्वास डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये, कारण असा जोर लावताना प्रेशर चढतं. काही ठिकाणी काकिएचाही नुसता नाच होतो, दोघं ठरवून हात फिरवत राहतात.

तिसरा बोर्ड दिसला तर

उएची-र्यू मुळाच्या सगळ्यात जवळ आहे. उएची कान्बुन १८९७ मध्ये फूचौला गेले, दहाहून जास्त वर्षं राहिले. त्यांची सानचिन आजही उघड्या हातांनी होते, टोचायचं बोटांनी आणि लाथ मारायची पायाच्या अंगठ्याच्या टोकानं. हात-नडग्या एकमेकांवर आपटून टणक करतात. आपल्याकडे असे क्लास फार थोडे. विंग चुन हा थेट दक्षिण चीनचा, हाँगकाँगमार्गे पसरलेला. त्यातला हात चिकटवून ठेवण्याचा सराव काकिएचा चुलतभाऊ आहे. जवळ चांगला गुरू असेल तर जरूर बघा, पण मोठ्या वजनाच्या माणसानं सरळ ढकलत नेलं तर काय, हे त्यांना विचारा.

बोटं डोळ्यात, टाच गुडघ्यावर असलं काही शिकलात तर एवढं लक्षात ठेवा की आपला कायदा स्वतःच्या बचावाचा हक्क देतो, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा देत नाही. चाकू दिसला तर पर्स द्या आणि पळा. हे दोन्ही सरांनी मला वेगवेगळ्या वर्षी, जवळपास त्याच शब्दांत सांगितलं.

मित्राला काय सांगितलं

पोरगी नऊ वर्षांची, खेळकर, शाळेत धावते. तिला शोतोकान. मित्रमैत्रिणी भेटतील, स्पर्धा मिळतील, पाय तयार होतील. बायको अडतीसची. तिला ज्याची भीती आहे ते म्हणजे लोकलच्या जिन्यावर दंड धरणारा हात, केस धरणारा हात. तिला गोजू. पण बोर्डावर जाऊ नका, असंही बजावलं. परीक्षेचा दिवस सोडून साध्या मंगळवारी जा, तासभर कोपऱ्यात बसा. जोड्या एकमेकांना खरंच घट्ट धरतात का, धरलेला हात सुटला नाही तर सर थांबून दुरुस्त करतात की "अंदाज आला ना" म्हणून पुढे जातात, ते बघा. आणि सरांना विचारा, "मनगट धरलं तर?" जे तोंडानं सांगत बसतात त्यांच्यापेक्षा "धरा बघू" म्हणून हात पुढे करणारे बरे.

त्याच्या बायकोनं दोन्हीकडे जाऊन बघितलं आणि गोजूलाच नाव घातलं. अडीच महिने झाले. दोन्ही हातांवर मनगटाच्या वर हिरवेनिळे डाग आहेत, आणि ऑफिसात कोणी विचारलं की ती सरळ हात पुढे करून म्हणते, "धरा."