डेस्कटॉपची थीम बदलणारी सॉफ्टवेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या महाल भागात माझं लग्नपत्रिकांच्या डीटीपीचं दुकान आहे. सकाळी साडेदहाला बसते ती रात्री नऊपर्यंत, लग्नसराईत अकराही वाजतात. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून दिवाळीच्या तोंडावर विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला. वेगाबद्दल तक्रार नाही. पण दिवसभर डोळ्यांसमोर पांढऱ्याफटक खिडक्या, आणि कोपऱ्यातलं घड्याळ इतकं बारीक की दरवेळी चष्मा सावरून वाचावं लागे. म्हणून थीम, म्हणजे खिडक्या-पट्ट्यांचं रंगरूप, बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागले. सहा-सात वापरून पाहिली, त्यातली चार आज मशीनवर आहेत.

निवडताना बहुतेक जण स्क्रीनशॉट बघतात. मीही तेच केलं आणि त्याची किंमत मोजली. आधी बघायला हवं ते हे, की सॉफ्टवेअर विंडोजच्या मूळ फाइलींना हात लावतं का. विंडोजला थीमचं हे अंग २००१ साली एक्सपीबरोबर आलं. तो निळ्या पट्टीचा आणि हिरव्या स्टार्ट बटणाचा डेस्कटॉप आठवत असेल. तेव्हापासून नियम असा, की मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेलीच थीम चालेल. बाहेरची थीम लावायची तर ही सही तपासणाऱ्या फाइलीलाच चकवावं लागतं. काही सॉफ्टवेअर ती फाइल कायमची बदलतात, त्यांना पॅचर म्हणतात. काही डिस्कवरच्या फाइलीला धक्का न लावता फक्त मेमरीत हे काम करतात. सिक्युअर यूएक्स थीम हे त्यातलं मोफत आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो. तिसरा प्रकार वरून पांघरूण घालणाऱ्यांचा. ते मूळ थीमच्या वाटेलाच जात नाहीत.

मी सुरुवात पॅचरने केली. नाव लिहीत नाही, कारण चूक माझीही होती, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे परतायची सोय, न करता बसवला. महिनाभर सुरेख चाललं. मग एका रात्री विंडोजचा मोठा अपडेट आला आणि सकाळी दुकान उघडलं तर स्क्रीन काळी, टास्कबार येतो आणि जातो. त्या दिवशी दोन पत्रिका छपाईला द्यायच्या होत्या. ओळखीच्या एका दादाने सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू करून, मूळ फाइल परत बसवली, त्यात दुपारचे दोन वाजले. ज्यांचं पोट कॉम्प्युटरवर आहे त्यांनी पॅचरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर पैसे देऊन घ्यायचं एक स्किनचं, म्हणजे खिडक्यांवर नवं रूप चढवणारं, सॉफ्टवेअर घेतलं. त्याने सिस्टमला त्रास दिला नाही, पण आपल्या अक्षरांना दिला. हे थोडं सविस्तर सांगते, कारण याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

उमरेडहून एक काका मुलीची पत्रिका तपासायला आले होते. माझ्या शेजारी खुर्ची टाकून स्क्रीनकडे बघत होते. पत्रिकेऐवजी त्यांची नजर वरच्या पट्टीवर गेली आणि म्हणाले, "ताई, पोरीचं नाव कुसुम हाय, हे कसम काऊन लिहिलं?" मी वर बघितलं. फाइलचं नाव मी बरोबरच दिलं होतं, पण त्या स्किनची टायटल पट्टी इतकी अरुंद होती की खालचे दोन्ही उकार कापले गेले होते. "काका, पत्रिकेत बरोबर आहे, फक्त ह्या पट्टीत कापलं गेलं," म्हणून मी पान मोठं करून दाखवलं. त्यांनी तरी तीनदा वाचलं, आणि बरोबरच केलं. पत्रिकेत नाव चुकणं ही लहान गोष्ट नाही.

कारण साधं आहे. स्किन करणारे बहुतेक लोक इंग्रजी अक्षरं समोर ठेवून उंची ठरवतात. आपल्या लिपीला वर रफार, वेलांटी, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, हलन्त. विंडोजच्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे तिथे आपोआप निर्मला यूआय येतो आणि तो दिलेल्या उंचीत मावेलच असं नाही. तेव्हापासून माझी एक ठरलेली कसोटी आहे. 'कुर्यात् सदा मंगलम्' नावाचा एक फोल्डर करून ठेवलाय. रफार, उकार, अनुस्वार, हलन्त, सगळं त्या एका नावात येतं. कोणतीही स्किन लावली की आधी तो फोल्डर उघडते. एक जरी चिन्ह कापलं गेलं तरी ती स्किन काढून टाकते, मग ती कितीही देखणी असो.

टायटल पट्टीची उंची विनेरो ट्वीकर या, माझ्या चौघांतल्या एका मोफत सॉफ्टवेअरने वाढवता येते. मूळ २२ पिक्सेल असते, मी २८ केली. नव्या पद्धतीचे काही प्रोग्राम स्वतःची पट्टी स्वतःच काढतात, ब्राउझर त्यातलाच. तिथे ही मात्रा चालत नाही, आणि बाहेरची थीमही बहुधा पोचत नाही.

आता उरलेल्या तिघांबद्दल. सगळ्यात जास्त जीव जडला तो रेनमीटरवर. मोफत, ओपन सोर्स, आणि थीमला हात न लावता डेस्कटॉपवर घड्याळ, तारीख, नोंदी असं काय हवं ते मांडतं. त्यातली स्किन म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. मला मोठं मराठी घड्याळ हवं होतं. पहिल्यांदा मराठी शब्द लिहून सेव्ह केलं तर स्क्रीनवर नुसती तिरपागडी चिन्हं. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं, की नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह करतं आणि रेनमीटरला मराठीसाठी यूटीएफ-१६ एलई लागतं. 'सेव्ह अ‍ॅज' करताना खाली एन्कोडिंग बदललं की झालं. मग फॉरमॅट लोकेल या ओळीत मराठीचा संकेत टाकला आणि वारांची, महिन्यांची नावं मराठीत आली. आकडे तरी इंग्रजीच राहिले. त्यावर सबस्टिट्यूट नावाची सोय आहे: प्रत्येक इंग्रजी आकड्यासमोर मराठी आकडा लिहायचा, शून्यापासून नवापर्यंत दहा जोड्या. फॉन्ट 'मुक्त' नावाचा लावला. आता उजव्या कोपऱ्यात 'मंगळवार, ५ मे' असं ठसठशीत दिसतं आणि पत्रिका तपासायला आलेली माणसं मुहूर्ताची तारीख त्याच्याशी पडताळून बघतात.

ऑटो डार्क मोड हे सॉफ्टवेअर सूर्यास्ताला थीम काळी करतं आणि सकाळी परत पांढरी. आमच्याकडे डिसेंबरात साडेपाचला दिवस मावळतो आणि जूनमध्ये सातला, त्यामुळे घड्याळाच्या वेळेपेक्षा सूर्यास्ताची सेटिंग बरी. डीटीपीवाल्यांना एक सांगते: रंग पक्के करताना नाइट लाइट, म्हणजे स्क्रीन पिवळसर करणारी विंडोजची सोय, बंद ठेवा आणि पत्रिकेभोवतीचा कॅनव्हास राखाडी ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर हळदीचा पिवळा उगाचच उजळ दिसतो, आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक विचारतं की रंग फिका का.

विंडहॉक टास्कबारसाठी, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीसाठी, ठेवलं आहे. त्यात छोटे छोटे मॉड, म्हणजे एकेक बदल करणारे तुकडे, असतात. पट्टीची उंची वाढवणारा एक आणि घड्याळ बदलणारा एक, एवढेच मी लावले. बदल चालू प्रोग्राममध्ये होतो, डिस्कवरची फाइल तशीच राहते, त्यामुळे मॉड बंद केला की मूळ रूप परत. विंडोजच्या अपडेटनंतर एखाद्या मॉडची नवी आवृत्ती यावी लागते, तेवढं गृहीत धरा.

हलता वॉलपेपर डिसेंबरात लावला होता, लाइव्हली वॉलपेपर वापरून. पाऊस पडताना बघून बरं वाटायचं. एप्रिलच्या शेवटी काढला. पारा ४४-४५ च्या घरात, कूलरची हवा गिऱ्हाईकाच्या बाजूला, आणि ग्राफिक्सला सतत काम मिळाल्याने मशीनचा पंखा थांबेना. आता अंबाझरी तलावाचा मी स्वतः काढलेला एक फोटो आहे, आणि तो पुरतो.

दुकानात दुसऱ्या कॉम्प्युटरवर मदतीला एक मुलगी बसते, तिचे डोळे लवकर दुखतात. तिच्या मशीनवर मी यातलं काहीच बसवलं नाही. विंडोजच्याच ॲक्सेसिबिलिटीत कॉन्ट्रास्ट थीम असतात, त्यातली डेझर्ट लावून दिली आणि अक्षरं थोडी मोठी केली. 'कुर्यात् सदा मंगलम्' तिथेही उघडून बघितलं. पूर्ण दिसतं.