बायलेयर की पॅच क्लॅम्प: नागपुरातल्या छोट्या लॅबने आधी काय मांडावं

मे महिन्यात कूलर बंद ठेवायला लावणारा प्रयोग नागपुरात कोणालाच आवडत नाही. "काऊन जी सर, कूलर बंद?" असं आमचा लॅब अटेंडंट रोज विचारायचा. पण आयन चॅनलमधून (पेशीच्या पटलातलं, विद्युतभारित कणांना वाट देणारं प्रोटिनचं दार) वाहणारा पिकोअँपिअरभर, म्हणजे अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा, प्रवाह मोजायचा, तर कूलरची मोटर रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण सोडते आणि टेबल हलवते ते वेगळंच. म्हणून एसीची खोली, कंपन शोषणारं टेबल आणि बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारा फॅराडे पिंजरा हा खर्च दोन्ही सेटअपना सारखाच धरा.

हे सगळं लिहायचं कारण एका फार्मसी कॉलेजातल्या मॅडम. निधी एकाच सेटअपचा मंजूर झालाय आणि वनस्पतींमधून वेगळे केलेले रेणू आयन चॅनलवर तपासायचे आहेत. कृत्रिम पटल (बायलेयर) घ्यावं की जिवंत पेशी (पॅच क्लॅम्प), हा त्यांचा प्रश्न. मी दोन्हीकडे वर्षं घालवली आहेत.

बायलेयरची गंमत तिच्या साधेपणात आहे. टेफ्लॉनच्या पेल्याला मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं भोक, दोन्ही बाजूंना क्षाराचं द्रावण. डेकेन या द्रावकात विरघळवलेलं लिपिड (पेशीच्या पटलातला स्निग्ध पदार्थ) बारीक ब्रशने भोकावर फासायचं. ते पातळ होत होत शेवटी दोन रेणूंचा, चार-पाच नॅनोमीटरचा थर उरतो. इतक्या पातळ थरावरून प्रकाश परततच नाही, म्हणून तो काळा दिसतो. म्युलर, रुडिन, टीन आणि वेस्कॉट यांनी १९६२ मध्ये हे करून दाखवलं. डेकेनचा अंश पटलात राहतो ही त्यातली खोट, आणि ती बरीचशी काढणारी पद्धत मॉन्टल आणि म्युलर यांनी १९७२ मध्ये दिली. मग शुद्ध केलेलं चॅनल प्रोटिन त्या पटलात उतरवायचं आणि व्होल्टेज लावून बसायचं. उघडलं, मिटलं, उघडलं: एकाच रेणूची हालचाल पडद्यावर पायऱ्यांसारखी दिसते.

पॅच क्लॅम्पमध्ये काचेच्या पिपेटचं मायक्रॉनभर टोक पेशीला टेकवून हलकेच ओढ द्यायची, की गिगाओहमची सील बसते, म्हणजे कडेने प्रवाह जवळजवळ गळत नाही. नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये, इतकी घट्ट सील जमण्याआधीच, अशा पिपेटने एकेका चॅनलचा प्रवाह मोजला, १९९१ चं नोबेल त्यासाठीच. मात्र पेशी सांभाळाव्या लागतात. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, निर्जंतुक हूड, सीरम, द्रव नायट्रोजन. रविवारी दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, की सोमवारी सगळं फेकून द्यायचं. बायलेयरमध्ये मरण्यासारखं काही नसतं. ही सोय लहान समजू नका, प्राध्यापकाला शिकवायचंही असतं.

पण निर्णय सोयीवर घेऊ नका. तुमचं चॅनल पेशीत कुठे बसतं, ते आधी पाहा.

हर्गचं उदाहरण घ्या. हृदयाच्या ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीला आणणारं हे पोटॅशियम चॅनल. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं लोकप्रिय औषध ते अडवायचं आणि काही रुग्णांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडायची. १९९८ पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं, २००० मध्ये सिसाप्राइड हे पोटाचं औषधही. औषधांच्या सुरक्षिततेच्या २००५ च्या आयसीएच एस७बी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर नव्या औषधाची हर्ग चाचणी नेहमीची झाली. ती चाचणी म्हणजे मुख्यतः हर्ग बनवणाऱ्या, लॅबमध्ये वाढवलेल्या हेक २९३ किंवा सीएचओ पेशी आणि पॅच क्लॅम्प. हर्ग कृत्रिम पटलातही बसवून दाखवलेलं आहे, पण एकेका चॅनलची वाहकता (प्रवाह किती सहज जातो त्याचं माप) जेमतेम दहा-बारा पिकोसीमेन्स. १०० मिलिव्होल्टला सुमारे एक पिकोअँपिअर, म्हणजे गोंगाटाच्या काठावर. पेशीत अशी शेकडो चॅनल एकत्र वाहतात आणि प्रवाह ठळक दिसतो. हर्गसाठी बायलेयर घेणं हे मला हौसेचं काम वाटतं.

उलट रायनोडिन रिसेप्टर हे कॅल्शियम सोडणारं चॅनल पाहा. तो स्नायुपेशीच्या आतल्या जाळ्यात दडलेला, तिथे पिपेट नेणं महाकठीण. मात्र त्याची वाहकता शेकडो पिकोसीमेन्स, त्यामुळे त्याचा अभ्यास मुख्यतः बायलेयरमध्येच वाढला. मायटोकाँड्रियाच्या व्हीडॅक या चॅनलचंही तेच. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात बिघडणारं सीएफटीआर हे प्रोटिन स्वतःच क्लोराइड चॅनल आहे की दुसऱ्या कुणाचा मदतनीस, हा वाद मिटवायलाही १९९२ मध्ये शुद्ध प्रोटिन कृत्रिम पटलातच घालावं लागलं. पेशीत आजूबाजूला हजार भानगडी असतात. रेणू थेट चॅनलवर बसतो की दुसऱ्याच प्रोटिनमार्फत परिणाम करतो, हे तिथे सहज कळत नाही.

बायलेयरची एक फसवणूक मात्र मॅडमच्या कामाला थेट लागू पडते. वनस्पतीतले तेलकट रेणू पटलातच शिरतात, त्याची जाडी आणि ताठपणा बदलतात, आणि चॅनल त्यामुळे वागणं बदलतं. आपल्याला वाटतं औषध सापडलं! हळदीतलं करक्युमिन या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. म्हणून प्रत्येक रेणू आधी ग्रॅमिसिडिनवर तपासा. हे दोन तुकडे जुळून बनणारं साधं चॅनल पटलाच्या ताठपणाला संवेदनशील असतं. तिथेही फरक दिसला तर तो रेणू बाजूला ठेवा. शिवाय तेलकट रेणू टेफ्लॉनलाही चिकटतात. पेल्यात टाकलेली मात्रा आणि चॅनलपर्यंत पोचलेली मात्रा एकच असेल असं धरून चालू नका.

वेगाचं थोडक्यात: हाताने दोन्हीकडे दिवसाला मोजके रेणू होतात. ३८४ खाचांच्या प्लेटवर चालणारं स्वयंचलित पॅच क्लॅम्प कंपन्यांकडे असतं, आपल्या आवाक्यात नाही.

आणि इथेच मॅडमनी न विचारलेला तिसरा पर्याय येतो. चॅनल बसवलेल्या लिपोसोममध्ये (लिपिडच्या सूक्ष्म फुग्यांत) पोटॅशियम भरायचं, बाहेर सोडियमचं द्रावण आणि एसीएमए हा चमकणारा रंग. मग सीसीसीपी टाकून प्रोटॉनना पटलातून वाट द्यायची. चॅनल उघडं असेल तर पोटॅशियम बाहेर पडतं, बदल्यात प्रोटॉन आत येतात आणि चमक उतरते. चॅनल अडलं तर चमक टिकते. पटल कृत्रिमच, पण पिंजरा, टेबल काही नको. फ्लुरोसेन्स वाचणारा प्लेट रीडर हवा, तो पुष्कळ कॉलेजांत असतो. दोनशे रेणूंतून दहा निवडायला मी हेच वापरीन.

त्यामुळे मॅडमना मी बायलेयर सुचवला. त्यांचं चॅनल जिवाणूतलं, शुद्ध करून मिळणारं पोटॅशियम चॅनल आहे. चाळणी प्लेट रीडरवर, उरलेल्यांची शहानिशा बायलेयरवर. उद्या हर्गचा आकडा लागला तर नमुना बाहेर पाठवावा, त्यासाठी पेशी पाळू नयेत.

आता नागपूरपुरतं. लिपिड उणे २० अंशांवर ठेवायचं असतं. माझं एक पार्सल एप्रिलमध्ये कुरिअरच्या गोदामात दोन दिवस पडून राहिलं, कोरडा बर्फ उडून गेला आणि मेंदूतून काढलेलं ते लिपिड सडक्या तेलासारखं वास मारत आलं. तेव्हापासून मी डायफायटॅनॉइल लिपिड घेतो, त्याच्या शेपट्यांत दुहेरी बंध नसल्याने ते खवट होत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पेल्यातलं पाणी उडून क्षार घट्ट होत जातो, तेव्हा झाकण ठेवा आणि द्रावण तासातासाला बदला. ऑगस्टमध्ये याच्या उलट, ॲम्प्लिफायरच्या टोकावर दमट हवेने गळती सुरू होते, तिथे सिलिका जेलची पुडी ठेवा.

आणि सेटअप आला की पहिले दोन आठवडे मौल्यवान प्रोटिनला हात लावू नका. नुसतं ग्रॅमिसिडिन टाका, १०० मिलिव्होल्ट लावा आणि एक-दोन पिकोअँपिअरच्या स्वच्छ पायऱ्या दिसेपर्यंत वायरी, अर्थिंग आणि तो कूलर शोधत बसा.