६८,००० किलोमीटर, पुढच्या चाकाची खटखट आणि डिकीतला जॅक

मायलेज, एसी, मागच्या सीटची जागा यावर काही लिहीत नाही. ही पेट्रोल हॅचबॅक रस्त्यावर इतकी दिसते की ते सगळ्यांना पाठ आहे. मी लिहितोय आवाजाबद्दल. जूनपासून मी गाडीत गाणी लावलेली नाहीत.

आमच्या सिंहगड रोडच्या गल्लीत ड्रेनेजची झाकणं रस्त्यापेक्षा कुठे दोन बोटं वर, कुठे चार बोटं खाली. डावं चाक झाकणावरून गेलं की पुढून ‘खट-खट’. बायको म्हणाली, डिकीतला जॅक असेल. जॅक काढून बाल्कनीत ठेवला. आवाज तसाच. मग सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला खेटून, काचा खाली करून, पहिल्या गिअरवर चार फेऱ्या मारल्या. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचा ते चटकन कळतं. डावीकडून, पुढून. वॉचमनने विचारलं, काही हरवलंय का.

जुलैमध्ये सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गाडी लिफ्टवर उचलली, लोंबकळणारी चाकं हाताने हलवून पाहिली आणि एस्टिमेट हातात दिलं: पुढचे दोन्ही शॉकअप, वरचे माउंट, दोन्ही लोअर आर्म, अलाइनमेंट. १७,४०० रुपये. शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही, बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन थांबते, मग ते गेले कसे? उत्तर मिळालं, “सर, आतून गेलेत.” या ‘आतून’चा मला आजही राग येतो. एस्टिमेट घडी करून खिशात घातलं आणि गाडी तशीच घरी आणली.

त्या रागातच एक गोष्ट लक्षात आली. सोसायटीच्या दाराशी आडवा, सरळ गतिरोधक आहे. त्यावरून दोन्ही चाकं एकदम जातात आणि तिथे आवाज अजिबात येत नाही. एकाच चाकाखाली झाकण आलं की येतो. शॉकअप किंवा त्याचं माउंट गेलं असतं तर गतिरोधकावरही बोंब मारली असती. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर तो नुसता फिरतो. एकच गेलं तर त्याला पीळ बसतो आणि तो सगळा ताण बारच्या टोकाच्या लिंक रॉडवर, म्हणजे बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर येतो.

भावजींच्या ओळखीचा एक मेकॅनिक नऱ्ह्याला आहे. लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला खड्डा. “साहेब, चाकं हवेत टांगून काय कळणार? गाडीचं वजन पडू द्या त्याच्यावर.” गाडी खड्ड्यावर घेतली, मला छत धरून ती आडवी हलवायला लावली आणि स्वतः खाली लिंकवर बोट ठेवून बसला. मग मला खाली बोलावून बोट ठेवायला लावलं. टिक, टिक. तरी खात्री म्हणून त्याने दोन्ही लिंक काढल्या, बार तारेने बांधला आणि हळूहळू कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. चिडीचूप. नवीन जोडी १,७००, मजुरी ४००. त्या दिवशी मी हा अनुभव लिहिला असता तर इथेच संपला असता, आणि त्या मेकॅनिकच्या आरतीने संपला असता.

ऑगस्टमध्ये वाईजवळ गावी गेलो. पाऊस, शेताचा रस्ता, गाडी चिखलात अर्धा तास रुतली. परतताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि ८५च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. १०० वर कमी, ८० खाली गायब. मी मनात मेकॅनिकला शिव्या घातल्या: याने हात लावला आणि हे सुरू झालं. दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेलो. त्याने शांतपणे दोन प्रश्न विचारले. ब्रेक दाबल्यावर वाढतं का? नाही. मग डिस्क नाही. एक्सलेटर सोडला की थांबतं का? नाही. मग इंजिनाची ताकद चाकाला देणारा ड्राइव्ह शाफ्ट नाही. “स्पीडशी बांधलेलं आहे म्हणजे चाक. बॅलन्सिंग करून घ्या.” पैसे घेतले नाहीत.

चाक सगळीकडून सारखं तोललं जावं म्हणून टायरवाल्याने डाव्या पुढच्या चाकाच्या रिमला तब्बल ४५ ग्रॅम वजनं ठोकली. थरथर गेली. दिवाळीपूर्वी गाडी खालून प्रेशरने धुतली, चकाचक, आणि दुसऱ्या दिवशी कात्रजच्या बोगद्यापुढे स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त नाचायला लागलं! आता मात्र मी गाडी विकायलाच काढली होती. फोटोही काढून झाले.

मेकॅनिकने चाक काढून आतली बाजू दाखवली. रिमच्या कडेला वाळलेल्या चिखलाचा बोटभर ठसा, बाकीचा धुण्यात निघून गेलेला. म्हणजे ती ४५ ग्रॅम वजनं त्या चिखलाला तोलायला लावलेली होती. चिखल गेला, वजनं राहिली. टायरवाल्याने मशीनवर चढवण्याआधी रिम आतून पुसून पाहिलं नाही आणि पैसे मात्र ग्रॅमवर घेतले. परत गेलो, सगळी वजनं काढायला लावली, रिम समोर उभं राहून धुवून घेतलं. स्वच्छ चाकाला लागले फक्त १० ग्रॅम. त्याने परत पैसे मागितले. दिले नाहीत.

दोन्ही दुखण्यांचा मिळून खर्च २,५५०. विकायचे फोटो मोबाइलमधून काढून टाकले. कागदासारखा पातळ पत्रा आणि दर ३०-३५ हजार किलोमीटरला खाल्ल्या जाणाऱ्या लिंक रॉड (आधीची जोडी ३४,००० ला बदलली होती, बिल आत्ता सापडलं) एवढं सोडलं तर गाडीवर माझा राग नाही. ती एस्टिमेटची घडी ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, पाहुण्यांना दाखवायला.

काल जॅक बाल्कनीतून आणून डिकीत ठेवला. तो मात्र खरंच वाजतो.