भूकंपाचा भोंगा : कोयनेच्या उशाला राहणाऱ्यांनी घेऊ नये

पाचपैकी दोन तारे देतोय. त्यातला एक नुसत्या आवाजाचा. भोंगा असा केकाटतो की शेजारची म्हैस दावं तोडते.

मी वायरमन. घर कोयनानगरपासून चार किलोमीटरवर. पावसाळ्यात धरण भरलं की पुढचे काही महिने फळीवरची भांडी अधूनमधून वाजायचीच, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. आईला मात्र वाटतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे ती नऊ वर्षांची होती. आजही कपाटाशेजारी खाट टाकू देत नाही. तिच्यासाठी म्हणून ऑनलाइन 1,650 रुपयांना हा भोंगा मागवला. एक घरी, एक पुण्याला आक्काकडे.

खोक्यावर लिहिलंय, ‘धक्क्याआधी इशारा’. हे अगदीच थापेबाजीचं नाही. धरणाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेला खडक भेगेवर घसरतो, असं आमच्या भागातल्या धक्क्यांचं कारण शास्त्रज्ञ सांगतात. खडक घसरला की तिथून दोन लहरी एकदमच सुटतात. पहिली खडकाला दाबत-ताणत सेकंदाला साधारण सहा किलोमीटर पळते. दुसरी आडवे हिसके देत साडेतीनने येते, आणि भिंती पाडायचं काम मुख्यतः हिचं आणि हिच्यामागून जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरींचं. पहिली पकडायची आणि दुसरी पोचायच्या आत बोंब मारायची. जपानची इशारा यंत्रणा याच जोरावर चालते.

पण दोन गाड्या एकाच स्टँडवरून सुटल्या तर त्यांच्यात अंतर पडायला रस्ता लांब लागतो. इथं आठ किलोमीटरला जेमतेम एक सेकंद पडतो. आमच्याकडचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्याही आत उगम पावतात. पायाखाली पाच किलोमीटरवर खडक सरकला, तर मला मिळणार अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात चप्पलसुद्धा सापडत नाही.

दिवाळीनंतर एक बारका धक्का बसला. आई म्हणाली, “गुरगुरलं बघ,” मग भांडी वाजली आणि भांडी थांबल्यावर भोंगा! ती गुरगुर म्हणजेच पहिली लहर, जमिनीतून हवेत शिरली की आवाज होऊन ऐकू येते. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, भिंत हलकी असेल. दीड फुटी काळ्या दगडाची आहे, म्हटलं.

आक्काचं गणित वेगळं. पुणे इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, म्हणजे पंधरा सेकंद. जिन्यापर्यंत जाता येतं. पण एवढ्या लांब पोचेपर्यंत पहिली लहर बारीक झालेली असते. ती पकडायची तर भोंग्याचा काटा नाजूक ठेवावा लागतो, आणि नाजूक ठेवला की वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं तरी हा ओरडतो. तिनं कंटाळून काटा जड केला. आता तो खऱ्या धक्क्यालाही झोपून राहील. त्यापेक्षा तिचा फोन बरा. अँड्रॉइडवर 2023 पासून भारतात ही सोय फुकट आहे; उगमाजवळचे फोन आधी हलतात, त्यांचा निरोप इंटरनेटवरून लहरीच्या पुढं पळतो. साडेचार रिश्टरच्या खालच्याला मात्र तो दाद देत नाही.

उघडून पाहिलं. आत मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी करणारी असते तसली चिप, एक बझर, सेलची जागा. सोल्डरिंग स्वच्छ, त्यात खोट काढणार नाही. दुसरा तारा त्याचा.

चीड आली ती ‘3 ते 9 रिश्टर मोजतो’ या ओळीची. रिश्टरचा आकडा उगमाशी किती ऊर्जा सुटली त्याचा असतो, एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट. बल्ब किती वॅटचा हे वेगळं, आणि तुमच्या वहीवर किती उजेड पडतो हे वेगळं. अंगणाखालचा साडेतीन आणि दूरवरचा साडेसहा माझ्या भिंतीला सारखाच हलवू शकतो. भिंतीवरच्या एकट्या डबीला त्यातला फरक कळणार कसा?

आईचं कपाट मी भिंतीला क्लँप मारून बसवलं, 80 रुपयांत. भोंगा सध्या दुकानाच्या शटरला आहे. रात्री कुणी शटरला हात लावला की बोंबलतो, आणि त्या कामात एकदाही चुकलेला नाही.