50 टक्के पेरॉक्साइडचा 50 किलोचा कॅरबॉय: माल चोख, झाकण बघून घ्या

कापडाच्या ब्लीचिंगला लागणारं 50 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड इचलकरंजीसारख्या ठिकाणी एचडीपीई या जाड प्लॅस्टिकच्या कॅरबॉयमध्ये (मोठ्या कॅनमध्ये) येतं. द्रवात सहसा खोट नसते. त्यात स्टॅनेट-फॉस्फेटसारखे स्टॅबिलायझर (विघटन रोखणारी रसायनं) असतात, सामू (pH) आम्लधर्मी ठेवलेला असतो, आणि थंड, स्वच्छ जागी ठेवल्यास वर्षाला एक टक्कासुद्धा ताकद जात नाही. पारख करायची ती झाकणाची.

गणित साधं आहे. या कॅनमध्ये साधारण 42 लिटर द्रव असतो आणि त्यातल्या सगळ्या पेरॉक्साइडचं पाण्यात आणि ऑक्सिजनमध्ये विघटन झालं तर 8 हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन निघतो. वर्षाला एक टक्का धरला तरी रोज पेलाभर वायू बाहेर पडायलाच हवा. म्हणून झाकणाला व्हेंट (वायू बाहेर पडायचं छिद्र) असतो. तो चिकटला, किंवा कोणी कॉस्टिक सोड्याच्या कॅनचं बंद झाकण इथे बसवलं (हे सर्रास होतं), तर कॅन फुगतो. फुगलेल्या कॅनला हात लावून बघा. कोमट लागला तर आत विघटन सुरू आहे. माणसं लांब करा, बाहेरून भरपूर पाणी मारा, झाकण उघडायला जाऊ नका.

सोयुझ रॉकेटचे टर्बोपंप (इंजिनाला इंधन पुरवणारे पंप) फिरवायला हेच रसायन वापरतात, फक्त 82 टक्क्यांचं. तिथे ते मुद्दाम कॅटॅलिस्टवर (विघटनाचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर) सोडून फोडतात. गोदामात कॅटॅलिस्टचं काम गंज करतो. लोखंड, तांबं, मँगनीज यांचा अंशही पुरतो, त्यामुळे पितळी कॉक, जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, लोखंडी फनेल यातलं काहीच चालत नाही. एचडीपीई, टेफ्लॉन, किंवा नायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेट केलेलं (पृष्ठभाग निष्क्रिय केलेलं) 316 एल स्टेनलेस स्टील चालतं. स्टील नवं आहे म्हणून पॅसिव्हेशन टाळलं, तर वेल्डिंगच्या सांध्यापाशी बुडबुडे दिसतीलच.

कॉस्टिकचं तर विचारूच नका. मशीनवर पेरॉक्साइडला जागं करतो तोच अल्कली, आणि स्टोअरमध्ये शेजारी ठेवलेल्या पोत्यातून चिमूटभर कॅनमध्ये पडला तर तिथेही जागं करतो. मापातला उरलेला माल परत कॅनमध्ये ओतायचा नाही तो याचसाठी. चार मग वाचवताना अख्खा कॅन जातो.

उन्हाचा हिशेब वेगळा धरा. तापमान 10 अंशांनी चढलं की विघटनाचा वेग दुपटीहून थोडा जास्तच होतो. पत्र्याखाली मे महिन्यात 40 अंशांवर ठेवलेला कॅन 20 अंशांवरच्या कॅनच्या चार-पाच पट वेगाने झिजतो. जुना साठा वापरण्याआधी परमँगनेटचं टायट्रेशन (थेंबथेंब घालून ताकद मोजायची चाचणी) करून टक्केवारी काढा, नाहीतर कापड पिवळट राहिलं की दोष डाईवर ढकलला जातो.

लाकडी पॅलेट, गोणपाट, सुती चिंधी जवळ नको. सांडलेलं चिंधीने टिपून ती कोपऱ्यात टाकली तर पाणी उडून जातं, पेरॉक्साइड घट्ट होत जातं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. सांडलं की पाण्याने धुवून काढायचं.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो ओतण्याच्या त्रासासाठी: कॅन तिरका केला की पहिला लोट उसळून हातावर येतो आणि कातडी पांढरी पडते. प्लॅस्टिकचा हातपंप आणि गॉगल याच खरेदीत धरा. टेम्पोत कॅन आडवा टाकू देऊ नका, व्हेंटमधून गळतो.